फ्लोरा फाउंटनला पाणी कुठून आलं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आणि फोर्टात ‘हुतात्मा चौक’ नावाचं स्टेशन आलं. एका संध्याकाळी मी त्या स्टेशनाचा जिना चढून वर आलो, तर एक आजी नातवाचा हात धरून गोंधळून उभ्या होत्या. “हुतात्मा चौक हाच ना? मग फ्लोरा फाउंटन कुठं राहिलं?” मी बोटानं दाखवलं. दोघं कारंज्यापाशी गेली आणि नातवानं वेगळंच काही विचारलं, “आजी, हे पाणी येतं कुठून?”

आजींच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपतं: जागा एकच, नावं दोन. नातवाच्या प्रश्नाला मात्र तिथं उभ्याउभ्या उत्तर देता येईना. मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि निघालो, पण घरी पोचेपर्यंत ते मनाला लागून राहिलं. कारण त्या मुलानं नेमकी दोरी ओढली होती. कारंज्याच्या पाण्याचा माग काढत गेलं की विहिरी, तट, कापूस, नळ, १९५५ चा गोळीबार आणि शहापूरचा टँकर हे सगळं एकामागून एक हाती येतं. त्याला जे नीट सांगायचं राहिलं, ते इथं सांगतो.

पाणी वर चढतं कसं?

आधी साधी गोष्ट. इमारतीच्या गच्चीवर टाकी असते. तळमजल्यावर नळ सोडला की बादली धडाधड भरते. सर्वात वरच्या मजल्यावर मात्र करंगळीएवढी धार. टाकी तीच, पाणी तेच, फरक फक्त उंचीचा. टाकीतलं पाणी नळापेक्षा जितकं उंचावर, तितका नळाला जोर. या उंचीच्या फरकाला पाणीपुरवठ्यातली माणसं ‘हेड’ म्हणतात. दर १० मीटर हेडमागे पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोनं वाढतो.

आता तळमजल्याच्या नळाला रबरी पाइप लावा, त्याचं तोंड आभाळाकडे धरा आणि अंगठ्यानं अर्धवट दाबा. उडालेली धार हेच कारंजं. त्यात यंत्र नाही, वीज नाही. दूर कुठंतरी उंचावर साठलेलं पाणी पुन्हा आपल्या पातळीला पोचायची धडपड करतं, एवढंच. मूळ पातळी ते कधीच गाठत नाही, कारण वाटेत पाइपाच्या भिंतींशी घासून त्याचा जोर कमी होतो आणि हवेत गेल्यावर धार फुटते.

यातून एक गोष्ट उघड होते. विजेचे पंप येण्याआधीच्या काळात एखाद्या सपाट शहरात चौकात कारंजं उडवायचं, तर शहराबाहेर कुठंतरी उंचावर पाण्याचा मोठा साठा हवा आणि तिथून चौकापर्यंत बंद नळ हवा. फोर्ट हा भाग समुद्राच्या पातळीपासून फारसा वर नाही. तिथं विहीर खणता येते, पण विहिरीच्या पाण्याला वर उडायचा जोर नसतो. म्हणून फ्लोरा फाउंटनची गोष्ट चौकात सुरू होत नाही. ती मुंबईबाहेर, डोंगरात सुरू होते.

नळ यायच्या आधी

बंदराच्या शहराचं हे जुनं दुःख: चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. मुंबई बेटावर बारमाही गोड नदी नव्हती. शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आपण बसच्या पाटीवर रोज वाचतो. तिथं खरोखरच तलाव होते. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. पुढे ते बुजवले गेले. गोवालिया टँकचं मैदान १९४२ च्या ‘चले जाव’ सभेमुळे ऑगस्ट क्रांती मैदान झालं. विहिरींवरही गदा आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास त्यांत वाढतात हे ध्यानात आल्यावर कितीतरी विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या.

एक विहीर मात्र वाचली, आणि ती फ्लोरा फाउंटनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. चर्चगेटच्या दिशेनं जाताना, क्रॉस मैदानाच्या टोकाला. भिखा बेहराम नावाच्या पारशी गृहस्थानं ती १७२५ साली बांधली. म्हणजे कारंज्याच्या आधी जवळजवळ १४० वर्षं. त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा खूप जवळ होता. मरीन ड्राइव्हचा सगळा पट्टा नंतर भराव टाकून झाला आहे. इतक्या जवळ खारं पाणी असताना विहिरीला गोड पाणी कसं?

दुधावर साय धरते, तसं समजा. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे जमिनीखाली खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. विहीर त्या सायीपर्यंतच खणलेली असेल आणि उपसा बेतानं असेल, तर गोड पाणी मिळत राहतं. उपसा वाढला की साय फाटते आणि खालचं खारं पाणी वर येतं. कोकणात समुद्रालगत घर असलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात हेच झालं: माणसं वाढत गेली, सायीची जाडी तेवढीच राहिली. १८५४ साली टंचाई इतकी वाढली की शहराबाहेरून पाणी आणायची वेळ आली.

विहार, म्हणजे शहराची गच्चीवरची टाकी

टंचाईतून एक निर्णय झाला, आणि माझ्या मते आजच्या मुंबईचा पाया खरं तर त्या निर्णयात आहे. साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून तलाव करायचा आणि पाणी नळानं मुंबईत आणायचं. हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरची ती योजना. काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६० साली विहार तलावाचं पाणी शहरात आलं. त्या वेळी भारतात अशी नगरपालिकेची नळयोजना नवलाईची होती.

विहार फोर्टपासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब आहे आणि फोर्टपेक्षा बराच उंचावर आहे. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण इथं तंतोतंत बसतं: विहार ही शहराची गच्चीवरची टाकी, फोर्ट तळमजला. वाटेतली सगळी उतरण नळात बंद झाली आणि तिचा दाब झाला. विहीर आणि नळ यांतला फरक इथं लक्षात घ्या. विहिरीचं पाणी माणसाला वर ओढावं लागतं. नळाचं पाणी स्वतःहून वर येतं.

चारच वर्षांनी, १८६४ साली, फोर्टात कारंजं उभं राहिलं. हा क्रम उलटा होऊच शकला नसता.

तट पडला तेव्हा चौक झाला

‘चर्चगेटला गेट कुठं आहे?’ हा मुंबईत नव्यानं आलेल्या माणसाचा हमखास प्रश्न. उत्तर असं की गेट फ्लोरा फाउंटनपाशी होतं. फोर्ट हा खराखुरा किल्ला होता. भोवती तट, तटाला तीन मुख्य दरवाजे: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. चर्च म्हणजे १७१८ साली सुरू झालेलं सेंट थॉमस चर्च, जे आजही थोडं पूर्वेला, हॉर्निमन सर्कलजवळ उभं आहे. त्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दरवाजा तो चर्च गेट. दरवाजा गेला, नाव पश्चिमेला सरकत सरकत रेल्वे स्टेशनाला चिकटलं.

१८६२ ते १८६७ या काळात सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत तट पाडायला घेतले. तोवर त्या तटांचा शत्रूपासून संरक्षणासाठी काही उपयोग उरला नव्हता, आणि आत शहर गुदमरत होतं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं (१८६१ ते १८६५). तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. बंदरात पैसा ओतला जात होता. युद्ध संपलं तसा १८६५ साली तो फुगा फुटला आणि कितीतरी घराणी धुळीला मिळाली. पण मधल्या तीन-चार वर्षांत शहराचं रूप बदललं. फ्लोरा फाउंटन त्या तीन-चार वर्षांचं अपत्य आहे: पाणी विहारचं, जागा पाडलेल्या तटाची, पैशाचं वारं कापसाचं.

तट पडल्यावर त्याच्या रेषेवर रुंद रस्ते झाले. आजचा दादाभाई नौरोजी रस्ता त्यातलाच. हे रस्ते जिथं एकमेकांना भेटले तिथं ऐसपैस मोकळी जागा तयार झाली. ही मोकळी जागा लक्षात ठेवा. नव्वद वर्षांनी तिथं जे घडलं त्याला ती कारण आहे.

फुलांची देवी रस्त्यात कशी आली?

फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. वर्दळीच्या चौकात फुलांची देवी का, याचा उलगडा तिच्या पहिल्या पत्त्यात आहे. हे कारंजं करवून घेतलं ते ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या शेती-बागायतीच्या संस्थेनं, आणि ते बसवायचं होतं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत. बागेत फुलांची देवी शोभलीच असती. पुढे बेत बदलला, कारंजं फोर्टात आलं. गव्हर्नर फ्रिअर यांच्या सन्मानार्थ ते उभारायचं आणि त्यांचंच नाव द्यायचं असंही ठरलं होतं, पण लोकांच्या तोंडी आणि कागदावर टिकलं ते देवीचं नाव.

खर्च आला ४७,००० रुपये. त्यातले २०,००० रुपये दिले कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी दानशूरानं. कारंजं ‘इंग्रजांनी बांधलं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा हा आकडा आठवावा.

रचना रिचर्ड नॉर्मन शॉ यांची. हे पुढे लंडनच्या न्यू स्कॉटलंड यार्डच्या इमारतीचे वास्तुरचनाकार म्हणून गाजले. शिल्पकार जेम्स फोर्साइथ. आणि दगड पोर्टलंडचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नावाचा भूभाग आहे, तिथला हा पांढुरका चुनखडीचा दगड; लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल याच दगडाचं. सुएझ कालवा खुला झाला १८६९ साली, म्हणजे १८६४ च्या कारंज्यानंतर. तोपर्यंत विलायतेहून असा जड माल मुंबईला यायचा तो सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून, शिडाच्या जहाजांतून. आजूबाजूला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट हवा तेवढा असताना हजारो मैलांवरून पांढरा दगड आणला, कारण मऊ चुनखडीत देवीच्या वस्त्राची चुणी जितकी नाजूक कोरता येते तितकी कठीण बेसाल्टात येत नाही. त्या नाजुकपणाची किंमत दगड पुढे मोजणार होता. त्याकडे येतोच.

हे पाणी पिण्यासाठी होतं का?

नव्हतं. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कारंजं म्हणजे पाहायचं पाणी. पाणपोई किंवा प्याऊ म्हणजे प्यायचं पाणी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो, त्यामुळे जुन्या मुंबईबद्दल वाचताना घोळ होतो. मराठीत तो घोळ नाही.

शहरात नळ आल्यावर दोन्ही उभी राहिली. फ्लोरासारखी शोभेची कारंजी बोटांवर मोजण्याइतकी. प्याऊ मात्र गल्लोगल्ली झाले, आणि मला स्वतःला तेच जास्त हृद्य वाटतात. मशीद बंदरच्या बाजारातला केशवजी नायक प्याऊ १८७६ चा; हमाल, गाडीवान, बैल सगळ्यांची तहान भागवणारा. फोर्टातच मिंट रोडला रतनसी मुळजी जेठा यांनी १८९४ साली बांधलेला प्याऊ आहे. अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ बापानं तो बांधला, आणि वर त्या मुलाचीच मूर्ती बसवली. दगडात कोरलेलं इतकं घरगुती दुःख मुंबईत दुसरीकडे क्वचितच दिसेल. बऱ्याच प्याऊंना खाली जनावरांसाठी वेगळं कुंड असायचं. ज्या शहराचा सगळा माल बैलगाडीनं बंदरात जायचा, त्या शहरात बैलाची तहान ही सार्वजनिक बाब होती.

म्हणजे नळाच्या एका टोकाला देवीच्या पायाशी उडणारं पाणी आणि दुसऱ्या टोकाला बैलाच्या तोंडाशी भरलेलं कुंड. दोन्हीकडे पाणी मात्र डोंगरातल्या तलावांतूनच. विहार पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा त्याच्या जोडीला आले.

गोळीबार इथंच का झाला?

आता नव्वद वर्षं पुढे. स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेची मागणी जोर धरू लागली. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ साली गुजराती आणि मराठी भाग एकत्र ठेवून द्विभाषिक राज्य सुचवलं. त्यानंतर मुंबई शहर वेगळं काढायचा घाट घातला गेला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणणारी मराठी माणसं रस्त्यावर आली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गिरणगावातून आणि शहरभरातून लोक फोर्टाकडे निघाले. त्यांना जायचं होतं विधानसभेवर.

विधानसभा तेव्हा कुठं होती, हे ठाऊक नसेल तर पुढचं कळत नाही. ती आजच्या विधान भवनात नव्हती. काळा घोड्याच्या पुढे, रीगल सिनेमाजवळ, आज जिथं राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे त्या इमारतीत ती भरत असे. उत्तरेकडून तिथं जायचं तर दादाभाई नौरोजी रस्ता उतरून फ्लोरा फाउंटनला यायचं आणि तिथून महात्मा गांधी रस्त्यानं सरळ दक्षिणेला. तट पडल्यावर जी मोकळी जागा झाली, ती आता मोर्च्याच्या वाटेवरचं शेवटचं मोठं मैदान ठरली. पोलिसांनी माणसांना तिथंच अडवलं. गर्दी तिथंच साठली. गोळ्या तिथंच झाडल्या गेल्या.

त्या दिवशीचे आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये शहरभर झालेल्या गोळीबारांतले मृत्यू मिळून १०५ हुतात्मे हा आकडा मराठी मनावर कोरला गेला. पुढे यादीत नावांची भर पडत गेली, म्हणून १०६ आणि १०७ हे आकडेही ऐकू येतात. त्यात गिरणी कामगार होते, विद्यार्थी होते, ज्यांचा राजकारणाशी संबंध नाही असेही होते. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. चौकाला हुतात्म्यांचं नाव मिळालं आणि कारंज्याच्या शेजारी स्मारक उभं राहिलं: हाती मशाल धरलेले दोघे, एक शेतकरी आणि एक कामगार.

मग योग्य नाव कोणतं?

हा वाद अजून अधूनमधून उफाळतो. मला तो अनाठायी वाटतो. कारंज्याचं नाव फ्लोरा फाउंटन, चौकाचं नाव हुतात्मा चौक. पुण्यात शनिवारवाडा शनिवार पेठेत आहे म्हणून आपण एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारत नाही. पण पत्ता सांगताना, टॅक्सीत बसताना, आमंत्रणपत्रिकेवर लिहिताना ‘हुतात्मा चौक’ म्हणावं असा माझा आग्रह आहे, आणि तो मी मनापासून धरतो. देवीचं नाव टिकायला दगड आहे. त्या माणसांचं नाव टिकायला फक्त आपली जीभ आहे.

कारंजं कोरडं का पडतं?

मध्ये बरीच वर्षं फ्लोरा कोरडी होती. ‘दुरुस्त करायला इतका वेळ कशाला?’ असा वैताग तेव्हा अनेकांनी व्यक्त केला. कारण समजून घ्यायचं तर दगडाजवळ जावं लागेल.

चुनखडीचा दगड श्वास घेतो, असं कारागीर म्हणतात. म्हणजे त्यात बारीक बारीक छिद्रं असतात. पाणी आत शिरतं आणि वाळताना बाहेर निघून जातं. वर्षानुवर्षं त्या मूर्तींवर रंगाचे हात चढवले गेले. हेतू चांगला होता, देवी स्वच्छ दिसावी. पण पावसात प्लास्टिकचा रेनकोट घालून दोन तास चाला. बाहेरचा पाऊस आत येत नाही, तरी तुम्ही घामानं चिंब होता. रंगाखाली दगडाचं तसंच झालं. फटीतून शिरलेलं पाणी बाहेर पडेना. मुंबईच्या हवेत मीठ आहे. ते पाण्याबरोबर आत गेलं, आणि दगड वाळताना मिठाचे खडे आतल्या आत फुगले. ओल आलेल्या भिंतीला पांढरी खार फुटून पोपडे पडतात ना, तेच इथं देवीच्या बोटांना, चेहऱ्याला, शिंपल्यांच्या नक्षीला होत होतं. त्यात रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर. धुरातली आम्लं चुनखडीला खातात, लिंबाचा रस शहाबादी फरशीवर सांडल्यावर डाग पडतो तशी.

आणि हे फक्त बाहेरचं. आतले नळ गळत होते. गळका नळ दगडाच्या पोटात असेल तर तो बदलायला दगड उकलावा लागतो.

म्हणून डागडुजी आणि जतन यांत फरक आहे. डागडुजीत तुटकं काढून नवं बसवतात. जतनात आधी मूळ काय होतं ते शोधतात, त्यावर नंतर चढलेलं हलक्या हातानं काढतात, आणि जिथं भर घालायलाच हवी तिथं मूळ दगडाशी जुळेल असंच साहित्य वापरतात. वारसा यादीत ‘ग्रेड वन’ दर्जा म्हणजे हाच नियम सर्वात कडक: रूप बदलायचं नाही. मुंबईत हे वारसा नियम १९९५ पासून आहेत. जतनतज्ज्ञ वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली महापालिकेनं फ्लोराचं काम केलं आणि जानेवारी २०१९ मध्ये पाणी पुन्हा वाहू लागलं. रंग खरवडून निघाला तेव्हा खालचा दगड दिसला आणि देवीच्या वस्त्राच्या चुण्याही दिसल्या.

काम चालू असताना खोदाईत ट्रामचे रूळ सापडले. मुंबईत ट्राम १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ पासून विजेवर धावली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. नंतर डांबराचे थर चढले आणि रूळ खालीच राहिले. शहराची एक पिढी दुसरीच्या तळव्याखाली कशी निजलेली असते, हे त्या गंजलेल्या लोखंडानं दाखवलं.

ही पाण्याची नासाडी नाही का?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. घरात पाणी पंधरा मिनिटं येत असेल तर चौकातलं कारंजं डोळ्यांत खुपणारच.

आधी तांत्रिक उत्तर. गणपतीच्या मखरात आपण छोटं कारंजं लावतो. पातेल्यात दोन तांबे पाणी, आत चिमुकला पंप; दहा दिवस तेच पाणी फिरत राहतं, मधे थोडी भर घालावी लागते. आजची सार्वजनिक कारंजी याच तत्त्वावर चालतात: खाली टाकी, टाकीतून पंप, वर धार, धार पुन्हा टाकीत. विहारच्या काळात डोंगराची उंची जे काम करायची ते आता वीज करते. कमी होतं ते फक्त बाष्प आणि उडालेले तुषार.

पण खरं उत्तर याहून मोठं आहे, आणि ते कारंज्याबद्दल नाही. मुंबई आज रोज चारशे कोटी लिटरच्या घरात पाणी घेते. ते सात तलावांतून येतं: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. एकटं भातसा धरण त्यातलं निम्म्याच्या आसपास देतं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहत बायका हंडे घेऊन उभ्या असतात. त्यांच्या शिवारातून जाणाऱ्या मोठाल्या जलवाहिन्यांत त्याच वेळी मुंबईचं पाणी घळघळत असतं. धरणाची भिंत गावाजवळ, नळाची तोटी शंभर किलोमीटर दूर.

गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण आठवा. टाकी ज्यांच्या डोक्यावर बसवली, त्यांच्याच घरात नळ नाही. कारंजं बंद केल्यानं शहापूरला एक हंडाही मिळणार नाही. जमिनीखालच्या जुन्या जलवाहिन्यांतून रोज जे गळून जातं, ते शोधून बुजवलं तर मिळू शकेल. ही गळती दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणी ओरडत नाही. कारंजं दिसतं, म्हणून त्याच्यावर ओरडतात. नासाडीवर राग यायलाच हवा, पण तो त्या गळतीवर यावा.

इंग्रजांची खूण कशाला जपायची?

पारेखांचे २०,००० रुपये वर सांगितलेच. ज्या हातांनी ते दगड इथल्या गोदीत उतरवले, बैलगाड्यांवर चढवले, चौकात रचले, ते हातही इथलेच होते. त्यांची नावं कुठंच कोरलेली नाहीत.

आणखी एक आहे. मशालीखालचा शेतकरी आणि कामगार यांना त्या जागेचा अर्थ कारंज्यामुळे मिळतो. ‘फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला’ हे वाक्य १९५५ साली घराघरांत पोचलं. तिथं कारंजंच उरलं नाही तर त्या वाक्यातली जागा पुसली जाते. मोर्चा कुठं अडवला, माणसं कुठं पडली, हे दाखवायला बोट ठेवावं अशी खूण लागते. ती खूण परक्या देवीची आहे, एवढ्यावरून ती आपली नाही असं मला वाटत नाही.

तिकडं जाल तेव्हा मेट्रोतून बाहेर पडल्यावर आधी स्मारकापाशी थांबा, मग कारंज्याभोवती एक फेरी मारा. देवीच्या वस्त्राच्या चुण्या आणि खालच्या शिंपल्यांची नक्षी जवळून पाहा. नंतर चर्चगेटच्या दिशेनं चालत जा. क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर रंगीत काचांची घुमटी दिसेल. ती भिखा बेहरामची विहीर. आत फक्त पारशी बांधव जातात, प्रार्थनेसाठी. बाहेर उभं राहून पाहता येतं. तीनशे वर्षं झाली, तिच्या तळाशी अजून गोड पाणी आहे, आणि ते कुठल्याही धरणातून आलेलं नाही.